बाबांनी फेकलेलं वाक्य

आमच्या घरात तोंडाने करायच्या तीन गोष्टी होत्या. दूध, शाळा, पाण्याची वेळ यांबद्दल माणसं बोलायची. पाढे आणि स्तोत्रं म्हणायची असायची. आणि नाटकातलं वाक्य फेकायचं असायचं. बाबा रेल्वेत नोकरीला होते आणि बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या नाटकांतून, रेल्वेच्या नाट्यस्पर्धांतून कामं करायचे. प्रयोगानंतर कुणी "काय सुंदर बोललात" असं म्हटलं की ते कसनुसे व्हायचे. "बोललो नाही हो, फेकलं," असं शांतपणे दुरुस्त करायचे.

फेकणं म्हणजे ओरडणं नव्हे, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही मी ते सांगू शकेन. ओरडलेला शब्द पहिल्या रांगेतच फुटतो. फेकलेला शब्द मागच्या भिंतीला टेकून सेवममरा खात बसलेल्या माणसाच्या मांडीत जाऊन पडला पाहिजे, आणि त्याचा हात पुडीतच थांबला पाहिजे. नवशिके वाक्याच्या सुरुवातीला जोर लावतात आणि शेवटचा शब्द गिळतात. बाबा शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवत. आमच्या खाली राहणारे गुजराती काका, ज्यांचं लहरीपुऱ्यात बांगड्यांचं दुकान होतं, ते हे शब्द ऐकून हसायचे. फेकणं म्हणजे थापा मारणं, एवढंच त्यांना ठाऊक. बाबा म्हणायचे, दोन्हींत फार फरक आहे असं समजू नका.

माझा आवाज चौथ्या रांगेपुढे जात नसे, म्हणून मी प्रॉम्प्टर झालो. कॉलेजात जाईपर्यंत बाबांच्या सगळ्या नाटकांना मीच डाव्या विंगेत पुस्तक घेऊन उभा असे. प्रॉम्प्टिंगचेही त्यांचे नियम होते. पहिले दोनच शब्द द्यायचे, श्वास सोडताना द्यायचे आणि त्यांत काही भाव घालायचा नाही. "भाव माझे. तू नुसते शब्द दे." नट विसरला आहे की पॉज घेतोय, हे प्रॉम्प्टरला कळलंच पाहिजे. पॉजमध्ये शब्द दिला तर नटाच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं. मी शब्द दिला की बाबा माझ्याकडे बघतही नसत. माझे दोन शब्द त्यांच्या डाव्या कानात जायचे आणि पुढचं वाक्य तोंडातून बाहेर पडायचं. मधे काही घडतंय असं दिसायचंच नाही.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय असं वाटेल. तसं नाही. आई गेली तेव्हापासून मला बाबांच्या बोलण्याचा संशय येऊ लागला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आई गेल्यावर दहा दिवस माणसं भेटायला येत होती. दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या मावशीला म्हणाले, "ती गेली असं वाटत नाही." मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "चहा जरा उशिरा होतोय, एवढंच." मावशी रडली, मीही रडलो. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातले लोक आले तेव्हा त्यांनी हेच वाक्य म्हटलं आणि दाराकडेही तसंच बघितलं. तिसऱ्या वेळी मला कळलं की पॉजही त्याच जागी आणि तेवढाच आहे. चौथ्या दिवशी ते तोंड उघडायच्या आत माझ्या मनात पहिले दोन शब्द तयार होते. त्या दिवशी मी बाबांबद्दल एक वाईट गोष्ट ठरवून टाकली, ती म्हणजे यांना आतून काही होत नाही, हे नुसतं फेकतात. माणसाला एकदाच नीट सांगता येईल असं दुःख असतं आणि तो तेच पुन्हा पुन्हा सांगतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. आजही खात्रीने सुचतं असं म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागले आणि बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी "ते... ते..." एवढंच. हॉस्पिटलात आठवडाभर असंच चाललं. मग एका सकाळी सिस्टर इंजेक्शन घेऊन आली आणि थोडं दुखेल अशा अर्थाने म्हणाली, "दादा, जरा वागशे हं." बाबांनी डावा हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "न्यायमूर्ती महाराज, माझ्या अशिलाला आधी बोलू द्या." सगळा वॉर्ड वळून बघू लागला. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. सिस्टर हसत हसत म्हणाली, "आ तो वकील छे के शुं?"

ते वाक्य त्यांच्या एका जुन्या नाटकातलं होतं. त्यात ते म्हाताऱ्या वकिलाचं काम करत. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की, म्हणजे येतंय की बोलायला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अशा रुग्णांना साधं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेलं कधी कधी अख्खं बाहेर येतं. कुणी आरती म्हणतं, कुणी शिव्या देतं. तुमचे वडील नाटक म्हणतायत. त्याचा अर्थ त्यांना तसं म्हणायचं आहे असा नाही. मी मान डोलावली, पण माझा विश्वास बसला नाही. आयुष्यभर ज्यांनी लोकांना रडवून आत जाऊन बटाटेवडा खाल्ला, ते मला फसवणार नाहीत कशावरून?

वाडी भागातल्या त्यांच्या जुन्या घरी आणल्यावर हा संशय वाढला. घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची, स्वयंपाक करायची, त्यांना अंघोळ घालायची. मी विमानतळाजवळ हरणीला राहायचो, ऑफिस सुटलं की तिथून स्कूटरवर यायचो. खालचे काका एकदा मला म्हणाले, "तारा पप्पा तो मारी साथे रोज बोले छे. बहु सरस बोले छे." मी थक्क झालो. माझ्याशी चकार शब्द नाही आणि काकांशी रोज गप्पा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो आणि चपला हातात घेऊन जिन्यातच बसलो. स्वतःच्या बापावर पाळत ठेवताना लाज वाटत होती, तरी उठलो नाही.

वर काका पाण्याच्या वेळेबद्दल तक्रार करत होते. ते म्हणाले, सवारे पाणी आवतुंज नथी. बाबा म्हणाले, "या अन्यायाची दाद कुणाकडे मागायची?" काका म्हणाले, "एज तो." मग काकांनी सुनेबद्दल काहीतरी सांगितलं. बाबा थोडं थांबले आणि म्हणाले, "पुरावा आणा, मग बोलू." काका खूश झाले. म्हणाले, पुरावो तो मारी पासे छे ने. मी जिन्यात हसलो आणि मग हसू थांबलं. इतकं नेमकं उत्तर चुकून कसं येईल? मला वाटलं, हे दोघे मिळून माझी चेष्टा करतायत. मी वर गेलो तर बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ते... ते..."

माझ्या मनात तेव्हा एक गोष्ट पक्की होती, की त्यांना हरणीला आमच्या फ्लॅटवर न्यायचं. तिथे लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवता येतात, बायको शाळेत शिकवते, दुपारी घरी असते. वाडीत ते एकदा मोरीत पडलेही होते. ही सगळी कारणं खरी होती. त्यांच्या मागे आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. रोजच्या फेऱ्यांनी मी कंटाळलो होतो.

ताई नाशिकला असते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. फोनवर ती एकच प्रश्न विचारायची, "बाबांना विचारलंस का?" मी म्हणायचो, ते काय सांगणार. ती म्हणायची, ते घर त्यांचं आहे, त्यांनी नाही म्हटलं तर तुला नेता येणार नाही, मी येते आणि समोर बसून विचारते. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि मला त्याचा राग यायचा.

ती आली. रविवारी सकाळी आम्ही सगळे वाडीच्या घरी जमलो. ताई बाबांच्या समोर खुर्चीवर, बायको दारापाशी चहाचे कप घेऊन, खालचे काका खिडकीत. मी पलंगावर बाबांच्या डाव्या बाजूला बसलो. मी तिथे का बसलो, याचा विचार मी नंतर फार केला. उजव्या बाजूला उशा होत्या, हे खरं आहे.

ताईने त्यांचा हात हातात घेतला. सावकाश म्हणाली, "बाबा, याच्याकडे जायचंय का तुम्हाला? हरणीला?"

बाबा तिच्याकडे बघत होते, ओठ हलत होते, पण काही फुटत नव्हतं. मग मी श्वास सोडताना, अगदी हळू, म्हणालो, "मी येतो."

बाबांची मान ताठ झाली. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. या घरात माझं आता काय उरलंय?"

शेवटचा शब्द खिडकीपर्यंत स्वच्छ गेला. ताईने डोळ्यांना पदर लावला. बायको कप ठेवून आत गेली. काका म्हणाले, "बस, नक्की थई गयुं." बाबांनी वाक्य संपल्यावर चहाकडे बघितलं, आणि मी तो कप त्यांच्या हातात दिला. ते शांतपणे चहा प्यायले. मला वाटलं, किती मोकळे झाले.

ते वाक्य वकिलाच्याच नाटकातलं होतं, शेवटच्या अंकातलं. ते मला माहीत होतं. वकिलाचा मुलगा त्याला न्यायला येतो, तेव्हाचं. मुलाचं काम करणाऱ्याला मी कितीदा ऐकलं होतं. मी स्वतःला सांगितलं की माझ्या तोंडून ते दोन शब्द आपोआप निघाले, सवयीने. बाबांच्या मनात नसतं तर त्यांनी ते उचलले नसते. शिवाय वाक्य नाटकातलं असलं तरी अर्थ खरा असू शकतो की नाही? काकांच्या सुनेबद्दलचं उत्तर मी ऐकलंच होतं. ज्या उत्तरावर मी महिनाभर संशय घेत होतो, त्याच उत्तराच्या आधाराने आता स्वतःला समजावत होतो.

हरणीला बाबा नीट राहिले. बायको म्हणायची, काही त्रास नाही हो बाबांचा, जेवतात, फिरतात, टीव्ही बघतात. विमानाचा आवाज आला की ते मान वर करत आणि तो पुरता जाईपर्यंत तशीच ठेवत. वाक्यं मात्र बंद झाली. एकही नाही. आमच्या मजल्यावर त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधले लोक लिफ्टमध्ये "केम छो अंकल" म्हणत आणि उत्तराची वाट बघत नसत. जेवताना बाबा माझ्याकडे बघत. त्या बघण्याचा मला त्रास होऊ लागला. ताटातल्या भाताशी खेळत ते माझ्या तोंडाकडे बघायचे, डोळ्यांकडे नाही. मला वाटायचं, यांना सगळं कळलंय आणि हे मुद्दाम गप्प राहून मला शिक्षा करतायत. पुन्हा वाटायचं, नाही, नुसते बघतायत. मग वाटायचं, शब्द मिळण्याची वाट बघतायत.

शेवटी एका सुटीच्या दुपारी बायको बाहेर गेली असताना मी जे करायला नको होतं ते केलं. बाबा सोफ्यावर बिस्किट खात होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. त्यांच्या दुसऱ्या एका नाटकात ते घर सोडायला नकार देणाऱ्या जहागीरदाराचं काम करत. मी तसाच श्वास सोडला आणि म्हणालो, "मी इथून."

"मी इथून हलणार नाही," बाबा म्हणाले. बिस्किट धरलेला हात वर गेला. "या भिंतींना माझा आवाज ठाऊक आहे."

आमच्या हॉलच्या भिंतींना तो अजिबात ठाऊक नव्हता, पण वाक्य तेवढंच सुंदर पडलं. रविवारच्या वाक्याइतकंच खरं वाटलं. मी ताईच्या जागी असतो तर पुन्हा रडलो असतो आणि म्हणालो असतो, बघा, त्यांना इथून हलायचं नाही. वाक्य संपल्यावर बाबांनी बिस्किट तोंडात घातलं आणि टीव्हीकडे बघू लागले. त्या दिवशी चहा घेतला तसंच.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बाबा मला फसवत असतील या भीतीत मी इतके महिने काढले होते. फसवलं होतं ते मी. आणि ज्या माणसाने मला ते दोन शब्द द्यायला शिकवलं, त्यालाच.

संध्याकाळी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझे ओठ हलले. मी समोरच बसले होते ना."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू नेलं नसतंस तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता," ताई म्हणाली. "माझ्याकडे दोन खोल्या आणि सासूबाई. मी म्हटलं, बरं झालं, सुटलो." मग जरा कडक आवाजात म्हणाली, "आता परत विचार. त्यांच्यापासून लांब बस, आणि या खेपेला तोंड मिटून ठेव."

शनिवारी मी बाबांना वाडीला घेऊन गेलो. बायकोला म्हटलं, घर उघडून जरा हवा खेळवून येतो. खालचे काका आणि मी मिळून त्यांना जिना चढवला. काका म्हणाले, बहु दहाडे आव्या, आणि दुकानाचा माणूस यायचा होता म्हणून खाली गेले. मी खिडक्या उघडल्या, पलंगावरची चादर झटकली, बाबांना बसवलं. स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मोरीच्या दारापाशी, स्टूल घेऊन बसलो.

मी विचारलं, "बाबा, इथे राहायचंय का?"

"ते... ते..." बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "हो."

मला आनंद व्हायच्या आत भीती वाटली. मी विचारलं, "की हरणीला राहायचंय?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते चुकलं असं वाटलं असावं, कारण त्यांनी तोंड वाकडं केलं आणि डाव्या हाताने हवेत काहीतरी पुसलं. "ते... हो. नाही. ते."

माझ्या तोंडात शब्द येऊन बसले होते. दोन्ही नाटकांतले. कुठलेही दोन दिले असते तर त्यांची ही धडपड थांबली असती. त्यांचा चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम आला होता, आणि हा पॉज नव्हता हे मला चांगलं कळत होतं. मी ओठ दाताखाली धरून बसून राहिलो. ते थकले आणि गप्प झाले. मीही आणखी काही विचारलं नाही. विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे माझ्यासाठी उत्तर असेलही, पण ते तोंडापर्यंत येणार नव्हतं.

ऊन उतरू लागलं तशी मी उठलो. अंधारात तो जिना त्यांना उतरवणं मला जमलं नसतं. खिडक्या लावल्या, किल्ली हातात घेतली आणि म्हणालो, "चला बाबा, उजेड आहे तोवर उतरू."

बाबा उठले नाहीत. ते खाली वाकले. त्यांच्या पायांत मागे पट्टा असलेल्या चपला होत्या, सकाळी मीच घालून दिल्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी डाव्या पायाचा पट्टा ओढला. तो सुटला. मग उजव्या पायाकडे गेले. तो पाय जवळ येईना, म्हणून त्यांनी पँट धरून पाय ओढून घेतला. पट्टा दोनदा हातातून निसटला. मी मदत करायला एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबलो. हे कुठल्या नाटकात होतं का, तेही मी आठवून पाहिलं. इतकं झाल्यावरही माझ्या मनात ते आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. नव्हतं. मला त्यांची सगळी नाटकं पाठ आहेत, आणि एकाही नाटकात ते खाली वाकून चपला काढत नव्हते.

दुसरी चप्पल निघाली. त्यांनी दोन्ही चपला डाव्या पायाने पलंगाखाली सरकवल्या आणि पाय वर घेऊन बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

मी किल्ली खिळ्याला अडकवली. खिडक्या पुन्हा उघडल्या. मग जिन्यात जाऊन बायकोला फोन केला आणि सांगितलं की आम्ही आज येत नाही. बहुधा उद्याही नाही. बाईला परत बोलवावं लागेल, मला इथेच झोपावं लागेल, पुढचं मग बघू.

"का? बाबा काही म्हणाले का?" तिने विचारलं.

"काही म्हणाले नाहीत. चपला काढून बसलेत."

माझ्याबद्दल तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना. मी रविवारची गोष्ट तिला अजून सांगितली नव्हती. आता सांगावी लागणार होती, आणि तिचा माझ्यावरचा विश्वास त्यानंतर किती उरेल हे मला माहीत नव्हतं.

"त्यांच्या रात्रीच्या गोळ्या इकडे आहेत," ती म्हणाली. "रिक्षा मिळाली की घेऊन येते. तुम्ही भात लावा तोवर."

मी म्हटलं, ये, मला तुला काहीतरी सांगायचंय. आणि तांदूळ कुठल्या डब्यात आहेत ते शोधायला आत गेलो.